गुप्तेबाईंचं शुक्रवारचं टायपिंग

“बसा. पाय वर घेऊ नका, तो काही करत नाही. त्याच्या डोळ्यांत बघू नका, त्याला ते आवडत नाही. आणि हाक मारू नका, तो कामावर आहे.”

गुप्तेबाईंच्या घरी पहिल्यांदा येणाऱ्या प्रत्येकाला एवढं ऐकून घ्यावं लागे. मग तो अंजूरचा शेतकरी असो, राहनाळच्या गोडाउनमधला मुकादम असो, नाहीतर काळा कोट घातलेला वकील असो. हे सांगताना बाईंची बोटं टाइपरायटरवर चालूच असत. ‘तो’ म्हणजे टेबलाखाली गोणपाटावर पडलेला काळा कुत्रा, कार्बन. आणि ‘कामावर’ म्हणजे गाढ झोपेत. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा मलाही हे सुनावलं गेलं, आणि तरीही मी पाय वर घेतलेच. कुत्र्यांच्या बाबतीत मी लहानपणापासून भित्रा. बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, “मास्तर, वर्गातली पोरं तुम्हाला घाबरतात ना? हेही तितकंच विनाकारण आहे.”

ही पंच्याऐंशी-शहाऐंशीच्या सुमाराची गोष्ट. माझी शाळा सकाळची. दुपार मोकळी असे. बाईंना टाइप झालेला मजकूर मूळ कागदाशी ताडून पाहायला माणूस हवा होता, कारण कोर्टाच्या कागदात एक शब्द सुटला तरी एखाद्याची पडवी शेजाऱ्याच्या नावावर जायची. मी महिनाभरासाठी म्हणून गेलो आणि सात वर्षं जात राहिलो.

धामणकर नाक्यामागच्या एका गल्लीत त्यांचं दोन खोल्यांचं घर होतं. आतल्या खोलीत संसार, बाहेरच्या खोलीत ऑफिस. बाईंनी लग्न का केलं नाही हे गल्लीत सगळ्यांना माहीत होतं, आणि प्रत्येकाला वेगळं माहीत होतं. मी कधी विचारलं नाही. बाहेरच्या खोलीत दोन टाइपरायटर, एक मराठी आणि एक इंग्रजी, भिंतीला कागदांचं कपाट आणि येणाऱ्यांसाठी दोन बाकं. भिंतीपलीकडे हाजीसाहेबांचा बारा लूमचा, म्हणजे यंत्रमागांचा, कारखाना. भिवंडीत नव्याने आलेला पाहुणा त्या खटखटीने कानात बोटं घालायचा. आम्ही आपले सुखाने चहा पीत असू.

बाई सुती पातळ नेसायच्या, घड्याळ उजव्या हातात बांधायच्या, आणि चूक झाली तर खोडरबर कधी वापरायच्या नाहीत. कागद ओढून काढायचा, दोन तुकडे करायचे आणि स्वतःशीच म्हणायचं, “पुन्हा.” शेवटच्या ओळीला चूक झाली तरी पुन्हा. एकदा मी म्हटलं, “बाई, एक वेलांटी आहे, पेनाने करा दुरुस्त.” त्या म्हणाल्या, “ज्याचा अर्ज आहे त्याला वाचता येत नाही, मास्तर. म्हणूनच.” त्यानंतर मी पेनाचं नाव काढलं नाही.

अर्ज लिहावेत ते त्यांनीच. “‘मेहेरबान’ एकदाच लिहायचं. दोनदा लिहिलं की साहेबाला वाटतं, याचं काम खोटं आहे.” हे त्यांचं शास्त्र. त्यांच्या हातचा अर्ज कचेरीत लांबून ओळखू येई, असं तिथले कारकून मला स्वतः सांगत, आणि मी जणू तो मीच टाइप केल्यासारखा छाती काढून उभा राहत असे.

आता कार्बन. एका पावसाळ्यात कारखान्याच्या मागच्या गटाराशी महिन्याभराचं काळं पिल्लू बाईंना सापडलं. बाईंनी त्याला पदराने पुसून आणलं, आणि पहिल्याच दिवशी त्याने खाली पडलेल्या कार्बन पेपरवर झोप काढली. नाव तिथेच ठरलं.

लोक कुत्रा पाळतात म्हणजे त्याला घरात राहायला शिकवतात. बाईंनी उलटं केलं. कुत्र्याला काय हवं ते बघून त्यांनी ऑफिस लावलं. खुर्ची मागे सरकताना करकरायची, त्याने तो दचकायचा, म्हणून खुर्चीच्या पायांना सायकलच्या ट्यूबचे तुकडे बांधले. टेबल भिंतीपासून हातभर पुढे ओढलं, कारण त्याला पाठ भिंतीला टेकून झोपायला आवडायचं. उन्हाळ्यात गोणपाट भिजवायचं, पिळायचं, मग घालायचं. टेबलापासून दारापर्यंतच्या वाटेत कुणी पिशवीसुद्धा ठेवायची नाही. मी एकदा छत्री ठेवली, तर ती त्यांनी उचलून माझ्या मांडीवर दिली.

“त्याला बाहेर जायची वाट दिसली पाहिजे,” त्या म्हणाल्या. “वाट दिसत असली की कुणी चावत नाही. मी कोर्टात खूप माणसं पाहिली आहेत.”

दुसरं बाक मुद्दाम दाराच्या पलीकडच्या कोपऱ्यात होतं, आणि त्याच्यापुढे एक आडवी फळी ठोकली होती. गिऱ्हाइकांत निम्मे लोक लूमवाले मुसलमान. नमाजाला जाणाऱ्याच्या कपड्याला कुत्र्याचं तोंड लागलं की त्याला कपडे बदलावे लागतात. बाईंनी याबद्दल कधी भाषण केलं नाही, पाटी लावली नाही. फळी ठोकली आणि विषय संपवला. हाजीसाहेब त्या बाकावर निवांत बसायचे, मोठ्या आवाजात वीज मंडळाला पत्र सांगायचे, आणि थोरल्या बहिणीला म्हणावं तसं बाईंना ‘आपा’ म्हणायचे.

कार्बनची कूस, जांभई, कान, सगळ्याचा अर्थ बाईंना कळायचा, आणि त्याचा त्या उपयोगही करून घ्यायच्या. अंजूरचे धर्मा म्हात्रे एकदा अर्ज करायला आले. खाडीचा बांध फुटून खारं पाणी शेतात शिरलं होतं, आणि दोन वर्षं कुणी बघायला आलं नव्हतं. माणूस खवळलेला. हातवारे करत सांगू लागला. टेबलाखालून कार्बन उठला, एक लांब जांभई दिली आणि दाराशी जाऊन उभा राहिला.

बाईंनी टायपिंग थांबवलं. “धर्मादादा, तुम्हाला मामलेदारासमोर उभं राहून हेच सांगायचंय ना?”

“व्हय. सांगनार. सोडत न्हाय त्याला.”

“मग आधी याला सांगा. हा उठून गेला म्हणजे मामलेदारही उठून जाईल. हा पडून राहिला की तुमचं सांगणं तयार झालं.”

धर्मादादांना आधी ती चेष्टा वाटली. पण बाईंच्या चेहऱ्यावर चेष्टेची रेघ नव्हती. मग त्या दुपारी म्हात्र्यांनी एका कुत्र्यापुढे आपली कैफियत चार वेळा मांडली. तिसऱ्या वेळी कार्बन परत येऊन बसला. चौथ्या वेळी त्याने हनुवटी पंजावर टेकली. “झालं,” बाई म्हणाल्या आणि टाइप करायला लागल्या. पुढच्या महिन्यात बांध बघायला साहेब आला. धर्मादादा भाताची पिशवी घेऊन आले आणि म्हणाले, “बाय, यो कुत्रा न्हाय, यो वकील हाय.”

पण मला सांगायचंय ते शुक्रवारचं.

शुक्रवारी भिवंडीतले लूम बंद. कारखानदार आणि कामगार त्या दिवशी मोकळे, म्हणून आमच्याकडे गर्दी त्यांचीच. रेशनकार्डाचे अर्ज, गावाकडच्या जमिनीचे कागद, कुणाची नातेवाइकांना पत्रं. स्वच्छ पांढरे कपडे, डोक्यावर टोपी, अत्तराचा वास. बाई त्या दिवशी सहसा टाइप करत नसत. लोकांचं ऐकून हाताने मसुदे लिहून घ्यायच्या आणि शनिवारी मशीनवर बसायच्या. आणि कार्बन मोठा होऊ लागला तसा शुक्रवारी तो भुंकायला लागला. आठवड्यातले सहा दिवस ज्यांच्यासमोर निवांत झोपायचा, त्याच माणसांवर शुक्रवारी गुरगुरायचा. आम्ही म्हणायचो, गर्दीने बावरत असेल. मग एका शुक्रवारी हाजीसाहेब नमाजाला जाता जाता एका पत्रावर सही करायला डोकावले. त्यांनी दारातून “आपा, कागज तैयार है?” असं विचारलं मात्र, कार्बनने झेप घेऊन त्यांच्या कुर्त्याचं टोक तोंडात धरलं.

लागलं काहीच नाही. पण ते घरी जाऊन कपडे बदलेपर्यंत नमाज सुरू झालेली होती. संध्याकाळी ते आले, आत आले नाहीत, उंबऱ्याबाहेरूनच बोलले. “आपा, जानवर है, जानवर को क्या मालूम. मेरे दिल में कुछ नहीं. लेकिन लड़के बोलते हैं, आपा का कुत्ता टोपी देख के भौंकता है.”

ते दिवस असे होते की गावातली माणसं एकमेकांकडे जरा जपून बघत. असली गोष्ट पसरायला वेळ लागत नाही. पुढच्या शुक्रवारी आमचं दुसरं बाक रिकामं राहिलं. त्याच्या पुढच्याही. त्याहून वाईट म्हणजे समोरचे एक गृहस्थ मुद्दाम आत आले, कार्बनकडे कौतुकाने पाहिलं आणि म्हणाले, “बाई, शाबास. बरोबर शिकवलंय तुम्ही याला.”

बाईंना संतापलेलं मी त्या एकाच दिवशी पाहिलं. त्या उभ्या राहिल्या. आवाज चढला नाही, उलट खाली गेला. “माझ्या घरात टोपी बघून भुंकायला कुणालाही शिकवलेलं नाही. कुत्र्यालाही नाही. तुम्ही या आता.” गृहस्थ गेले. बाई बसल्या, आणि त्यांची बोटं मशीनवर नुसतीच ठेवलेली मला दिसली. कुणाचाही अर्ज असो, काना-मात्रा न चुकता लिहिणारी बाई म्हणून पंचवीस वर्षांत कमावलेलं नाव एका कुत्र्याच्या भुंकण्याने जात होतं, आणि आपली बाजू मांडायला कुत्र्याला बोलता येत नव्हतं.

धर्मादादांनी तोडगा काढला. “बाय, मी नेतो त्याला अंजूरला. शेताव राखन करंल. तुमच्या डोक्याला ताप न्हाय.” मलाही ते पटलं. खरं सांगायचं तर मला फारच पटलं.

“पाठवायचा तर पाठवीन,” बाई म्हणाल्या. “पण तो का भुंकतो हे कळल्याशिवाय नाही. न कळता पाठवला, तर लोक म्हणतात तेच खरं होऊन बसेल. कायमचं.”

मग त्यांनी तपास सुरू केला. आधी त्या हाजीसाहेबांकडे गेल्या आणि म्हणाल्या, एक मेहेरबानी करा, बुधवारी जुम्म्याचे कपडे घालून, अत्तर लावून, टोपीसकट माझ्याकडे या. हाजीसाहेब मोठ्या मनाचे. थोडे बिचकत आले, फळीमागे बसले, नेहमीच्या आवाजात दहा मिनिटं बोलले. कार्बनने एक डोळा उघडला आणि मिटला. हाजीसाहेब स्वतःच्या कुर्त्याकडे बघत म्हणाले, “आज पहचान लिया?”

शुक्रवारी धर्मादादा आले. डोकं उघडं, अंगात मळका सदरा, हातात भेंड्यांची पिशवी. “बाय, हाय का घरात?” म्हणून आवाज दिला, तर कार्बन त्यांच्यावरच तुटून पडला. धर्मादादा भेंड्या टाकून मागे सरले. “मना वलखत न्हाय काय रं? माझा वकील ना तू?” त्यांना फारच लागलं ते. बाई मात्र त्या दिवशी पहिल्यांदा हसल्या. “टोपी नाही, अत्तर नाही, धर्मादादा. मग दुसरं काहीतरी आहे. शुक्रवारचंच आहे.”

पण काय, ते त्यांनाही कळेना, मलाही नाही. आम्ही दोघंही जन्माने भिवंडीचे, आणि भिवंडीच्या माणसालाच ते कळणं सगळ्यांत अवघड होतं.

त्याच्या पुढच्या मंगळवारची दुपार. मी नाक्यावरून दोन ग्लास चहा घेऊन येत होतो. उंबऱ्यात पाय ठेवतो तोच लाइट गेली. पंखा थांबला, आणि आतून कार्बन असा भुंकत आला की चहा माझ्या लेंग्यावर. मी! रोज दुपारी येणारा मी! त्याच्या पाठीवरचे केस उभे होते, शेपूट पायांत घातलेलं होतं. मी दाराला चिकटून ओरडलो, “बाई, पाठवा याला अंजूरला! आजच पाठवा!”

बाई खुर्चीत ताठ बसल्या होत्या. त्यांनी हात वर केला. “मास्तर, ऐका.”

“काय ऐकू?”

“काही ऐकू येतंय?”

मी ऐकलं. काही नव्हतं. गल्लीत कुणाच्या तरी घरात चमचा पडला, तो जणू माझ्या कानात पडला. कार्बन त्या आवाजाकडे वळून पुन्हा भुंकला. आणि मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. लूम थांबले होते.

बाई उठल्या नाहीत, त्याला बोलावलं नाही. त्यांनी फक्त मशीनवर हात ठेवले आणि कोऱ्या कागदावर टाइप करायला सुरुवात केली, जोरात, एकसारखं. मिनिटभर गेलं असेल. कार्बनचे केस बसले. तो टेबलाखाली गेला, जागच्या जागी तीन वेळा फिरला आणि आडवा झाला. पंधरा मिनिटांनी लाइट आली, भिंतीपलीकडे खटखट सुरू झाली, आणि बाईंनी हात थांबवले. त्यांचे डोळे भरले होते. “अहो, तो भुंकत नव्हता कुणावर,” त्या म्हणाल्या. “तो घाबरत होता. याला शांततेची भीती वाटते.”

संध्याकाळी आम्ही हाजीसाहेबांच्या कारखान्यात गेलो. लूमच्या आवाजात बाईंनी त्यांच्या कानाशी ओरडून सगळं सांगितलं. हाजीसाहेबांनी एका म्हाताऱ्या कारागिराला बोलावलं. तो म्हणाला, तीनेक पावसाळ्यांपूर्वी एक काळी कुत्री चार नंबरच्या लूमखाली सुताच्या चिंध्यांत व्याली होती. पिल्लांचे डोळे तिथेच उघडले. हाजीसाहेबांना हसू आवरेना. “आपा, हमारे बच्चे भी जुम्मे को दोपहर में सोते नहीं. मशीन बंद हुई कि रोने लगते हैं. तो ये तो हमारा कारीगर निकला!” मग कानाला हात लावून म्हणाले, “और हम लूमवाले बोलते भी कितना ज़ोर से हैं. बाकी दिन पता नहीं चलता.”

दुसऱ्या दिवशी बाईंनी दारावर नोटीस लावली. मराठीत टाइप केलेली, त्याखाली हाजीसाहेबांनी आपल्या वळणदार हाताने उर्दूत लिहिलेली. मजकूर मला आजही पाठ आहे. ‘शुक्रवारी लूम बंद असल्याने येथील कुत्रा शांततेस घाबरतो. कृपया हळू बोलावे. त्याच्या भुंकण्याचा कोणाच्याही पोशाखाशी, धर्माशी अथवा गावाशी संबंध नाही. कळावे.’ ‘गावाशी’ हा शब्द धर्मादादांसाठी. समोरच्या गृहस्थांनी चष्मा लावून ती नोटीस वाचली आणि ते बरेच दिवस आमच्या दारावरून जाताना दुसरीकडे बघत.

आणि त्या आठवड्यापासून बाई शुक्रवारी टाइप करू लागल्या. मसुदा हाताने लिहायचा नाही, ऐकता ऐकता थेट मशीनवर. काम संपलं तर रद्दीच्या कागदावर ओळीच्या ओळी, कशाच्याही. हाजीसाहेब गल्लीच्या तोंडाशी आले की अदबीने, हलक्या आवाजात सांगायचे, “आपा, मशीन चलाइए, मैं आ रहा हूँ.” बाक पुन्हा भरलं. गावात कुणी काही म्हणो, शुक्रवारी दुपारी आमच्या त्या खोलीत सगळी माणसं हळू बोलायची, एका कुत्र्यासाठी. मी पुष्कळ सभा पाहिल्या, पुष्कळ भाषणं ऐकली. त्या खोलीइतका अभिमान मला कशाचाच वाटला नाही.

पुढे माझी बदली शहापूरला झाली आणि येणं सुटलं. सत्त्याण्णव साली कशासाठी तरी भिवंडीत होतो. शुक्रवार होता. गल्लीत वळलो तर लूम बंद, आणि त्या शांततेत लांबूनच मशीन ऐकू आलं.

बाईंचे केस पांढरे झाले होते. बाकावर कुणी नव्हतं. टेबलाखाली कार्बन होता, तोंड पांढरं, डोळ्यांवर निळसर साय. मी हाक मारली. आता मला तेवढं धैर्य आलं होतं. पण त्याने कान हलवला नाही.

“ऐकू येत नाही त्याला,” बाई म्हणाल्या. “वर्ष झालं. तुम्ही समोर ढोल वाजवा.”

“मग हे कुणासाठी?” मी मशीनकडे बोट दाखवलं.

त्यांनी नजरेनेच खाली खुणावलं. कार्बनने हनुवटी टेबलाच्या पायाला टेकवली होती. बाईंनी टाइप करायला घेतलं, तशी त्याच्या मिशीची टोकं हलायला लागली, आणि त्याचे डोळे मिटले.

“लाकडातून पोचतं त्याला,” बाई म्हणाल्या. “थांबले की उठतो अजून.”

मी बसलो. पाय खालीच ठेवले. ओळ संपल्याची घंटा वाजली, बाईंनी कागद काढला आणि पूर्वीसारखाच माझ्यापुढे धरला. सोबत दारावरचा जुना, पिवळा पडलेला. नोटीस होती. “पाचवी प्रत आहे. ताडून बघा.”

“बाई, आता तो भुंकतो कुठे? कशाला हवी ही?”

“नोटीस मी लोकांसाठी लावली होती, मास्तर,” त्या म्हणाल्या. “वाचा.”

मी शब्दन् शब्द ताडून पाहिला. एक वेलांटी चुकलेली नव्हती. खाली उर्दूसाठी जागा मोकळी सोडलेली होती. हाजीसाहेबांचा मुलगा संध्याकाळी येऊन लिहून जाणार होता. निघताना मी ती स्वतःच्या हाताने दारावर डकवली, कोपरे अंगठ्याने दाबले, आणि दार पूर्वीसारखंच उघडं ठेवलं. गल्लीच्या टोकाला पोचेपर्यंत मागे मशीन चालूच होतं.